घरापर्यंत न पोचलेल्या मालिका

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एकेकाळी कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या कित्येक मालिका व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडीच्या रूपात कधीच विक्रीला आल्या नाहीत. काही आल्या त्या मूळ प्रसारणानंतर वीस-पंचवीस, तर कधी जवळजवळ पन्नास वर्षांनी. काही आल्या खऱ्या, पण आपली गाणी आणि दृश्ये गमावून. एबीसी नेटवर्कवर १९६६ ते १९६८ या काळात दाखवलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेचे १२० भाग पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दाखवले गेले, तरी तिचा अधिकृत संच बाजारात यायला २०१४चा नोव्हेंबर उजाडला. अशा मालिकांना प्रेक्षक नव्हते असे म्हणता येत नाही. अडचणीचे मूळ दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात आहे. कार्यक्रम एकदा, फार तर दोनदा दाखवायचा असतो, या समजुतीने तो तयार होत असे. त्याचे करार याच समजुतीने लिहिले गेले आणि त्याच्या प्रती याच समजुतीने जपल्या किंवा पुसल्या गेल्या.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बहुतेक कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रसारित होत. न्यूयॉर्कमधला कार्यक्रम दूरच्या शहरांत दाखवायचा असेल, तर पडद्यावर उमटणारे चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपले जाई. या प्रतीला किनेस्कोप म्हणत. चित्र धूसर असे, पण काम भागे. प्रत ठरलेल्या केंद्रांवर दाखवून झाली की तिचा उपयोग संपे. १९४६ ते १९५६ अशी दहा वर्षे चाललेल्या ड्यूमॉंट नेटवर्कच्या कार्यक्रमांचे नशीब या दृष्टीने सर्वांत वाईट ठरले. अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे दिलेल्या साक्षीनुसार, ड्यूमॉंटच्या उरलेल्या प्रती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रकमध्ये भरून नेल्या गेल्या आणि न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवल्या गेल्या. त्या नेटवर्कच्या हजारो प्रसारणांपैकी आज मोजकीच शिल्लक आहेत.

१९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र आणि ध्वनी नोंदवणारे यंत्र आणले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने आपल्या बातम्या या टेपवरून प्रसारित केल्या. तासाभराच्या टेपची किंमत सुमारे ३०० डॉलर होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत होती. नेटवर्कच्या हिशेबनिसांना याच गुणाचे अप्रूप होते. परिणामी १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत न्यूयॉर्कहून सादर झालेल्या जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’चे बहुतेक भाग एनबीसीने पुसून टाकले. दुपारी लागणाऱ्या कौटुंबिक मालिकांची गतही तीच झाली. रोज एक भाग या वेगाने साठणाऱ्या टेप ठेवायला जागा नाही आणि त्या पुन्हा दाखवण्याचा प्रघात नाही, म्हणून वर्षानुवर्षांचे काम नष्ट झाले. याला ठळक अपवाद ‘डार्क शॅडोज’चा. १९६६ ते १९७१ या काळातल्या या मालिकेचे १,२२५ भाग झाले आणि एक वगळता सर्व चित्रासह टिकले. म्हणूनच ती आधी व्हिडिओ कॅसेटवर आणि पुढे २०१२ मध्ये १३१ डिस्कच्या संचात संपूर्ण येऊ शकली.

ब्रिटनमध्ये बीबीसीनेही हेच केले. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम किती वेळा आणि किती मुदतीत पुन्हा दाखवता येईल यावर मर्यादा होती. मुदत संपली की टेप ठेवण्यात संस्थेला काही फायदा दिसत नसे. त्यात रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले, त्यांतले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात उपलब्ध नाहीत. १९७८च्या सुमारास बीबीसीने टेप आणि फिल्म एकत्र जतन करण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा हे पुसणे थांबले. तोवर परदेशी केंद्रांना विकलेल्या फिल्मच्या प्रतींनीच बरेच काही वाचवले होते. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा हाँगकाँगमध्ये सापडली आणि १९९२ मध्ये कॅसेटवर आली. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेल्या प्रतींमुळे आणखी नऊ हरवलेले भाग परत मिळाले. उरलेल्या भागांचा ध्वनी मात्र प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्यामुळे टिकला आहे. बीबीसीने त्यावर चित्रमाला बेतून काही कथा डिस्कवर आणल्या, त्या या प्रेक्षकांच्या निष्ठेमुळेच.

कार्यक्रम टिकवायचा हा विचार सुरुवातीला केला तो काही निर्मात्यांनी. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१–१९५७) न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हावी असा आग्रह होता. ल्यूसील बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्याने लॉस एंजेलिसमध्येच राहून, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिलिमीटर फिल्मवर ती चित्रित केली. वाढलेल्या खर्चाच्या बदल्यात त्यांनी मानधन कमी घेतले आणि भागांची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. त्या फिल्ममुळे मालिका पिढ्यान्‌पिढ्या दाखवली गेली आणि घरगुती संचांतही सहज आली. जॅकी ग्लीसन यांची ‘द हनीमूनर्स’ १९५५–५६ मध्ये इलेक्ट्रॉनिकॅम या पद्धतीने फिल्मवर टिपली गेली, म्हणून तिचे ३९ भाग टिकले. त्याच पात्रांची इतर थेट प्रसारणे ग्लीसन यांनी किनेस्कोपच्या रूपात स्वतःच्या तिजोरीत ठेवली होती, ती १९८०च्या दशकाच्या मध्यास बाहेर आली. मालकी आणि जतन ज्याच्या हाती एकत्र होते, त्याच्याच मालिकेला दीर्घ आयुष्य लाभले.

प्रत टिकली म्हणजे ती विकता येते असे मात्र नाही. १५ जानेवारी १९६७ रोजी झालेला अमेरिकी फुटबॉलचा पहिला सुपर बोल सामना सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही नेटवर्कनी दाखवला, पण दोघांनीही त्याची टेप ठेवली नाही. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका घरच्या माळ्यावर सीबीएसच्या प्रसारणाचे बरेचसे चित्रण सापडले. टेप त्या कुटुंबाची, पण सामन्याचे हक्क नॅशनल फुटबॉल लीगचे. त्यामुळे कुटुंबाला ती विकता आली नाही आणि लीगशी सौदाही जमला नाही. वस्तू एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे, ही स्थिती जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत वारंवार आढळते.

घरी कार्यक्रम बाळगण्याची कल्पना १९७५ मध्ये सोनीचे बेटामॅक्स आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये व्हीएचएस आल्यावर रुजली. घरी प्रसारण उतरवून घेणे बेकायदा आहे असा दावा युनिव्हर्सल स्टुडिओ आणि डिस्ने यांनी केला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, सवडीने पाहण्यासाठी केलेली घरगुती नोंद हा न्याय्य वापर आहे. व्हिडिओ कॅसेटचा व्यवसाय तरीही चित्रपटांवरच उभा राहिला. एका कॅसेटवर मालिकेचे दोन-चार भाग मावत. पूर्ण हंगामाच्या कॅसेटना दुकानात जागा नसे आणि खरेदीदाराच्या खिशालाही ते परवडत नसे. निवडक भागांच्या कॅसेट निघत तेवढेच. अमेरिकेत १९९७ मध्ये डीव्हीडी आली आणि २००० मध्ये ‘द एक्स-फाइल्स’चा पूर्ण पहिला हंगाम सात डिस्कच्या संचात विकला गेला. तो चालला, आणि प्रत्येक स्टुडिओ आपल्या कोठारातल्या मालिका काढून पाहू लागला. त्या वेळी जुने करार पहिल्यांदाच बारकाईने वाचले गेले.

एका भागात किती जणांचे हक्क गुंतलेले असतात हे तेव्हा लक्षात आले. निर्माता कंपनी, प्रसारण करणारे नेटवर्क, मूळ कथेचा किंवा पात्राचा मालक, पटकथालेखक, दिग्दर्शक, नट, संगीतकार आणि मध्ये वापरलेल्या जुन्या चित्रणाचा मालक यांपैकी प्रत्येकाचा करार वेगळा. १९६० मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या आणि लेखकांच्या संघटनांनी संप केले. अशा लढ्यांतून पुनःप्रसारणाचे मानधन हा कलावंतांचा मान्य हक्क बनला. ही तरतूद रास्तच होती, पण ती दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवण्यासाठी होती. घरगुती विक्रीचा उल्लेख जुन्या कागदांत नव्हता, कारण अशी वस्तूच अस्तित्वात नव्हती. एखाद्या भागात थोडा वेळ दिसलेला पाहुणा कलाकार दिवंगत झालेला असेल, तर त्याचे वारस शोधावे लागत. कंपनी बुडालेली असेल, तर तिची कागदपत्रे कोणत्या वखारीत आहेत इथपासून सुरुवात होई.

या सर्वांत सर्वाधिक मालिका अडल्या त्या गाण्यांमुळे. चित्रासोबत गाणे वापरायला दोन परवाने लागतात: शब्द आणि चालीसाठी प्रकाशकाचा, आणि ठरावीक ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्ड कंपनीचा. दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन त्याची तबकडी काढायची असेल, तर अमेरिकी कायद्यात सक्तीचा परवाना आणि ठरलेला दर आहे. चित्रासोबतच्या वापराला असा दर नाही. मालक मागेल ती किंमत द्यावी लागते, आणि त्याने नकार दिला तर विषय संपतो. १९७० आणि १९८०च्या दशकांत निर्माते खर्च वाचवण्यासाठी फक्त प्रसारणापुरता, तोही काही वर्षांचा परवाना घेत. त्या काळात तो शहाणपणाचा व्यवहार होता. वीस वर्षांनी गाणी अभिजात ठरली, त्यांचे दर चढले, आणि प्रत्येक गाण्यासाठी पुन्हा वाटाघाट करण्याची वेळ आली.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (सीबीएस, १९७८–१९८२) हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. ह्यू विल्सन यांनी निर्माण केलेली ही मालिका एका रेडिओ केंद्रावर घडते, त्यामुळे तिच्यात त्या काळची खरी रॉक गाणी मूळ गायकांच्या आवाजात वाजत. मालिका फिल्मऐवजी टेपवर चित्रित झाली, याचे एक कारण टेपवरच्या कार्यक्रमांसाठी गाण्यांचे परवाने स्वस्त पडत हे होते. त्या परवान्यांची मुदत संपल्यावर पुनःप्रसारणातच गाणी बदलली जाऊ लागली. २००७ मध्ये पहिला हंगाम डीव्हीडीवर आला तेव्हा बहुतेक मूळ गाण्यांच्या जागी भाडोत्री संगीत होते. एका भागात पिंक फ्लॉइडच्या गाण्यात कुत्री भुंकतात आणि केंद्राचा व्यवस्थापक त्याबद्दल विचारतो. गाणे गेल्यावर अशा संवादांना अर्थच उरत नाही. प्रेक्षकांनी हा संच नाकारला आणि पुढचे हंगाम आले नाहीत. २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने बहुतेक गाणी परत मिळवून संपूर्ण मालिका काढली, तेव्हा मूळ प्रसारण संपून बत्तीस वर्षे झाली होती.

‘द वंडर इयर्स’ (एबीसी, १९८८–१९९३) ही १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या एका मुलाच्या वाढत्या वयाची कथा. तिच्यात त्या काळातली तीनशेच्या आसपास गाणी आहेत आणि तिची ओळख बनलेले शीर्षकगीत म्हणजे जो कॉकर यांनी गायलेले बीटल्सचे गाणे. २०१४ पर्यंत तिचा पूर्ण संच निघू शकला नाही. ‘मर्फी ब्राउन’चा पहिला हंगाम २००५ मध्ये आला. तिच्या भागांत मोटाउनची गाणी आहेत. परवान्यांचा खर्च मोठा आणि विक्री बेताची, म्हणून पुढचे हंगाम त्यानंतर निघालेच नाहीत. ‘मॅरीड विथ चिल्ड्रन’च्या तिसऱ्या हंगामापासूनच्या डीव्हीडी संचांत फ्रँक सिनात्रा यांचे शीर्षकगीत बदलले गेले. ‘फ्रीक्स अँड गीक्स’च्या निर्मात्यांनी मात्र एकही गाणे सोडायला नकार दिला आणि २००४ मध्ये सर्व १८ भाग मूळ संगीतासह आणले. गाणे हा दृश्याचा भाग असतो, ते बदलले की दृश्य बदलते, हे त्यांनी धरून ठेवलेले तत्त्व योग्यच होते.

या अडचणीचा सर्वांत गंभीर फटका बसला तो ‘आइज ऑन द प्राइझ’ या माहितीपट मालिकेला. बॉस्टनच्या ब्लॅकसाइड कंपनीचे हेन्री हॅम्प्टन यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा इतिहास १९८७ आणि १९९० मध्ये मिळून १४ भागांत मांडला. त्यात वृत्तचित्रणाचे असंख्य तुकडे, छायाचित्रे आणि गाणी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचा वाढदिवस साजरा होत असतानाचे ‘हॅपी बर्थडे’ हे गाणेसुद्धा परवान्याच्या कक्षेत येत होते. तुटपुंज्या निधीमुळे निर्मात्यांनी ठरावीक मुदतीचेच परवाने घेतले होते. १९९०च्या दशकात ते संपले. त्यानंतर ही मालिका प्रसारित करता येईना आणि नव्याने विकताही येईना. शाळा आणि ग्रंथालयांतल्या झिजत चाललेल्या जुन्या कॅसेटवर ती तग धरून होती. हॅम्प्टन १९९८ मध्ये वारले. फोर्ड प्रतिष्ठान आणि इतर देणगीदारांनी लाखो डॉलर दिल्यावर परवान्यांचे नूतनीकरण झाले आणि २००६ मध्ये ती पुन्हा पीबीएसवर दाखवली गेली. ज्या लोकांनी रस्त्यावर उतरून हक्क मिळवले, त्यांचाच इतिहास कागदी हक्कांच्या अभावी दशकभर पडद्याआड राहिला.

मालकीचा गुंता हे दुसरे मोठे कारण. ‘बॅटमॅन’ मालिका ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या दूरचित्रवाणी शाखेने विल्यम डोझियर यांच्या ग्रीनवे प्रॉडक्शन्ससह तयार केली. पात्रे मात्र कॉमिक्सच्या प्रकाशकाची होती. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या खरेदी-विक्रीत तो प्रकाशक वॉर्नरच्या छत्राखाली गेला. चित्रण फॉक्सकडे, पात्रे प्रतिस्पर्धी वॉर्नरकडे, अशी वाटणी झाल्यावर दोघांपैकी कोणीही एकट्याने संच काढू शकत नव्हता. १९६६चा त्याच कलाकारांचा चित्रपट फॉक्सने डीव्हीडीवर आणला, मालिका मात्र अडून राहिली. अखेर समझोता होऊन वॉर्नरने २०१४ मध्ये ती वितरित केली. इतर मालिकांच्या बाबतीत मालकी विखुरण्यास सरकारी नियमही कारणीभूत झाले. १९७० मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने नेटवर्कना कार्यक्रमांच्या मालकीत आणि पुनर्वितरणात हिस्सा ठेवण्यास बंदी घातली. लगोलग सीबीएसला आपला वितरण विभाग व्हायाकॉम या वेगळ्या कंपनीत काढावा लागला. हे नियम १९९०च्या दशकात रद्द झाले, पण तोवर एकेका मालिकेचे कागद तीन-चार कंपन्यांच्या हाती फिरले होते.

सर्व हक्क मिळाले तरी हिशेब जुळावा लागतो. टेप किंवा फिल्म स्वच्छ करणे, नव्याने डिजिटल प्रत बनवणे, परवाने आणि मानधन यांचा खर्च विक्रीतून निघेल का, हे पाहिले जाते. ‘द मेरी टायलर मूर शो’ ही गाजलेली विनोदी मालिका; तिचा पहिला हंगाम २००२ मध्ये आला, विक्री मंद झाली आणि दुसऱ्या हंगामासाठी २००५ पर्यंत थांबावे लागले. या अडचणीवर दोन उपाय निघाले. शाउट फॅक्टरी आणि टाइम लाइफ यांसारख्या कंपन्यांनी मोठ्या स्टुडिओंकडून परवाना घेऊन, कमी विक्रीतही नफा होईल अशा बेताने संच काढले. वॉर्नरने २००९ मध्ये मागणी नोंदवल्यावरच डिस्क तयार करून देणारी शाखा सुरू केली.

तंत्राच्या अडचणीही लहान नाहीत. दोन इंच टेप वाजवणारी चालू यंत्रे आणि ती हाताळणारे तंत्रज्ञ आता विरळ झाले आहेत. पुनःप्रसारणाच्या वेळी जाहिरातींना जागा करण्यासाठी भाग कापले जात आणि कधी तर कापलेली प्रतच हाताशी उरते. १९८०च्या दशकात अनेक मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होऊन संकलन मात्र टेपवर झाले. त्यामुळे त्यांची अंतिम प्रत कायमची कमी स्पष्टतेत अडकली. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’साठी मूळ निगेटिव्ह काढून प्रत्येक भागाचे संकलन आणि दृश्यपरिणाम नव्याने करण्यात आले. २०१२ ते २०१४ या काळात हे सात हंगाम ब्लू-रेवर आले, पण अपेक्षेइतकी विक्री झाली नाही आणि नंतरच्या दोन ‘स्टार ट्रेक’ मालिकांसाठी हे काम हाती घेतले गेले नाही.

काही मालिका त्यांच्या आशयामुळे मागे ठेवल्या गेल्या. ‘एमॉस अँड अँडी’ हा मूळचा रेडिओ कार्यक्रम. त्यात गोरे कलाकार कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करत. १९५१ मध्ये सीबीएसने कृष्णवर्णीय नटांना घेऊन तो पडद्यावर आणला. कृष्णवर्णीयांचे हास्यास्पद चित्रण होते म्हणून त्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तीव्र विरोध केला. १९५३ मध्ये मालिका थांबली आणि १९६६ मध्ये पुनर्वितरणातूनही काढून घेतली गेली. तिचा अधिकृत संच निघालेला नाही. आक्षेप न्याय्य होता. पण कृष्णवर्णीय नटांना प्रमुख भूमिका देणारी ही सुरुवातीच्या मालिकांपैकी एक होती. अभ्यासकांना ती प्रस्तावना आणि भाष्यासह नीट उपलब्ध व्हायला हवी, एवढे तिचे ऐतिहासिक मोल निश्चित आहे.

नव्या करारांत आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांचा समावेश असतो, त्यामुळे अलीकडच्या मालिकांना जुने अडथळे तितके येत नाहीत. स्ट्रीमिंगमुळे काही अडलेल्या मालिकाही सुटल्या. १९८०च्या दशकातली ‘मूनलायटिंग’ २०२३ मध्ये हुलूवर आली. तरी स्ट्रीमिंगचे परवाने मुदतीचे असतात आणि मुदत संपली की मालिका यादीतून नाहीशी होते. घरच्या कपाटातला संच कोणी परत नेऊ शकत नाही, हा डिस्कचा फायदा त्यात नाही. न्यूयॉर्कचे पेली सेंटर, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लॉस एंजेलिसमधले संग्रहालय आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्याकडे विक्रीला न आलेले पुष्कळ कार्यक्रम आहेत, पण ते बहुतांशी तिथे जाऊनच पाहावे लागतात.

अमेरिकी कायद्यानुसार कंपनीने तयार केलेल्या अशा जुन्या कार्यक्रमांचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे चालतो. त्या हिशेबाने १९५१ चे कार्यक्रम २०४७ मध्ये आणि १९६६ चे २०६२ मध्ये सर्वांसाठी खुले होतील. चुंबकीय टेप सामान्यतः काही दशकेच सुस्थितीत राहते. म्हणजे हक्क मोकळे होण्याची वाट पाहत बसल्यास, त्या दिवशी हाती द्यायला कार्यक्रमच शिल्लक नसेल. म्हणून विक्रीचा प्रश्न सुटो वा न सुटो, प्रत्येक टेपची डिजिटल प्रत आताच करणे आणि ती अभ्यासकांना पाहू देणे हे मालक कंपन्यांचे आणि सार्वजनिक संग्रहांचे पहिले कर्तव्य ठरते.